लोखंडी नांगराचा ताळेबंद

अहमदनगर शहरांतून (इ. स. २०२४ पासून सरकारी नांव अहिल्यानगर) मनमाडच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सीना नदीच्या कांठीं नागापूर हें गांव लागतें. आज हें नांव घेतलें असतां लोकांच्या डोळ्यांपुढें गांव उभें राहत नाहीं, औद्योगिक वसाहत उभी राहते. ज्या जमिनींत पूर्वीं बाजरी व ज्वारी होत असे, तींत आतां विजेच्या मोटारी, विजेचे स्विच, सुटे भाग आणि ओतकाम यांचे कारखाने आहेत. या वसाहतींत मोठ्या कंपन्यांच्या भिंतींच्या आड पुष्कळ लहान कारखानेही आहेत. ते उघडतात, चालतात आणि बंद पडतात. त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका बंद पडलेल्या शेडच्या दारांत रद्दीवाल्याची हातगाडी उभी असलेली प्रस्तुत लेखकानें पाहिली. गाडीवर लाल कापडी बांधणीच्या वह्या रचलेल्या होत्या. त्या रोजकीर्दी व खतावण्या होत्या. तेथें शेतीच्या अवजारांचे फाळ, दांड्या, पट्ट्या असा किरकोळ माल तयार होत असे. मालकाच्या माणसानें सांगितलें कीं, आयकराच्या कामापुरतीं वर्षें संपलीं, आतां हें ओझें कशाला बाळगावयाचें? वजनाच्या भावानें एक खतावणी मिळाली. बाकीच्या लगद्यास गेल्या. त्या खतावणींत नांवें आहेत, येणें रकमा आहेत आणि कित्येक नांवांपुढें पीक हातीं आल्यावर वसुली करावी अशा अर्थाचे शेरे आहेत. जुना एखादा महजर किंवा सनद अशी गाडीवर सांपडली असती तर आपण सर्वांनीं हळहळ व्यक्त केली असती. खतावणीबद्दल कोणासच कांहीं वाटलें नाहीं, हें पाहून पुढील विचार सुचला.

ओतकाम नगरास नवें नाहीं. विजापूरच्या तटावरील मलिक-इ-मैदान ही तोफ नगरासच ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. काल हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९, बुऱ्हाण निजामशहाची कारकीर्द. सुमारें पंचावन टन वजनाची ती पंचरसी तोफ पुढें परंड्यास होती व इ. स. १६३२ मध्यें मुरार जगदेवानें ती विजापुरास नेली. तोफेवर लेख आहे. ओतणाऱ्याचें नांव आहे. राजाचें नांव आहे. पण तांबें व कथील कोठून आलें, कोळसा किती जळला, भट्टीवरच्या माणसांस काय मिळालें आणि हा सारा खर्च कोणत्या परगण्याच्या वसुलींतून भागला, हें सांगणारा कागद नाहीं. तोफेचा इतिहास म्हणून आपण जें लिहितों तो तिच्या धन्यांचा इतिहास होतो. लोखंडी नांगराचें याच्या उलट आहे. त्याच्यावर राजाचा लेख नाहीं, परंतु त्याचा हिशेब लिहिला गेला आहे. कारण तो विकावयाचा होता.

महाराष्ट्रांत शेतीच्या यंत्रांचा व्यवहार वर्षानुवर्ष हिशेबानें चालविणारा पहिला मोठा कारखाना म्हणजे किर्लोस्करांचा. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नसे, म्हणून यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले. तेथें वडील बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान होतेंच. प्रथम कडबा कापण्याचें यंत्र झालें आणि इ. स. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर पहिल्यानें विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं, अशी हकीगत किर्लोस्करांच्या चरित्रांतून येते. लोखंडानें जमिनीस विष चढतें, असा शेतकऱ्यांचा समज होता म्हणे.

या विषाच्या गोष्टीवर आमच्या लेखकांनीं फार भर दिला आहे. शेतकरी अडाणी होता, कारखानदारानें त्यास शहाणें केलें, असा एकंदर सूर असतो. प्रस्तुत लेखकास तो सूर अपुरा वाटतो. लांकडी नांगर गांवचा सुतार करीत असे व त्याचा फाळ लोहार शेवटून देत असे. याबद्दल रोख पैसा द्यावा लागत नसे. खळ्यावर धान्य आलें म्हणजे बलुतें जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या इ. स. १९१५ च्या ग्रंथांत ही सर्व व्यवस्था तिच्या गुणदोषांसह वर्णिलेली आहे. या व्यवस्थेचा एक अर्थ असा कीं, पीक बुडालें तर सुतार-लोहारांचें बलुतेंही बुडे. दुष्काळाचा तोटा कुणबी आणि कारू यांच्यांत वांटला जाई. अर्थात् ती वांटणी समान असे, असें कोणी म्हणणार नाहीं. लोखंडी नांगरानें ही वांटणी मोडली. त्यास रोख रक्कम पाहिजे आणि ती पेरणीपूर्वीं, म्हणजे पाऊस पडेल कीं नाहीं हें कळण्याच्या आधीं. इ. स. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ ज्यानें नुकताच भोगलेला, बैल ज्याचे मेलेले, त्या शेतकऱ्यानें दोन वर्षें वाट पाहिली तर त्यांत विषाच्या समजुतीइतकाच हिशेबाचाही भाग असला पाहिजे.

तरी नांगर खपूं लागला, आणि त्याचें कारण जमिनींतच होतें. काळ्या भारी जमिनींत हरळी व कुंदा एकदां माजला कीं लांकडी नांगरानें तो निघत नाहीं. खोल जावयाचें तर सहा-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगर माती उलथून टाकी व मुळ्या उन्हांत पाडी. इंग्लंडांतील रॅन्सम कंपनीचे नांगर या कामास इकडे येतच होते आणि सरकारी शेतकी खातें त्यांचीं प्रात्यक्षिकें करी. देशी कारखानदारास त्या आयात मालाशीं किंमतींत टक्कर द्यावयाची होती व शिवाय मोडलेला भाग लवकर पुरवावयाचा होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फाळ तुटला आणि बदली फाळ हंगाम संपल्यावर आला तर तो नांगर त्या वर्षीं कवडीमोल.

बेळगांवच्या नगरपालिकेनें वस्तीच्या विस्तारासाठीं कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा निवडुंगानें भरलेला माळ दिला व दहा हजार रुपयांचें कर्जही दिलें. इ. स. १९१० च्या मार्चमध्यें तेथें वसाहत उभी राहूं लागली. पुढें स्टेशनाचें नांवच किर्लोस्करवाडी झालें. माळ, पाण्याची टंचाई आणि जवळून जाणारा आगगाडीचा रस्ता : नागापूरच्या आजच्या वसाहतीशीं याचें साम्य कोणाच्याही ध्यानांत यावें. एक मोठा फरक मात्र आहे. किर्लोस्करवाडीस संस्थानिकाचा व्यक्तिगत विश्वास भांडवल म्हणून मिळाला. नागापूरसारख्या वसाहती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या. हें महामंडळ इ. स. १९६२ मध्यें झालें, आणि तेथें भूखंड, पाणी व वीज हीं नियमानें मिळतात. विश्वास ही बाब तेथें बँकेकडे गेली.

आतां वर्षाच्या प्रश्नाकडे वळूं. कारण एखाद्या अवजारांच्या कारखान्याचें "यंदाचें वर्ष चांगलें गेलें" असें जेव्हां म्हणतात, तेव्हां तें वर्ष कोठून कोठपर्यंतचें, हें प्रथम विचारलें पाहिजे. शेतकऱ्याचें वर्ष मृगापासून. दक्षिणेंतील फसली सनही तेथूनच धरीत. व्यापाऱ्याचें वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून. सरकारचें वर्ष एक एप्रिलपासून. नांगरणीचा हंगाम मात्र रब्बीचें पीक निघाल्यावर माघ-फाल्गुनांत सुरू होतो आणि वैशाखांत संपतो. म्हणजे ३१ मार्चला ज्या कारखान्याचे हिशेब मिटतात, त्याचा विक्रीचा हंगाम मधोमध कापला जातो. होळी लवकर आली, सुगी लवकर आटोपली, तर विक्री या वर्षांत पडते. आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर तीच विक्री पुढील वर्षांत जाते. कागदावर एक वर्ष वाईट व एक उत्तम दिसतें, आणि शिवारांत कांहींच बदललेलें नसतें. दिवाळीस हिशेब मिटविणाऱ्याची अडचण निराळी. त्या वेळीं येत्या हंगामाचें लोखंड व कोळसा खरेदी होऊन पडलेला असतो आणि रब्बीची ज्वारी अजून शेतांत असते, म्हणून देणें सर्वांत मोठें व वसुली सर्वांत थोडी. दोन कारखान्यांची तुलना करणारानें हिशेबाचें वर्ष न पाहतां आंकडे शेजारीं मांडले तर त्याची तुलना फुकट जाईल.

दुसरा फसवा आंकडा विक्रीच्या रकमेचा. इ. स. १९१४ च्या महायुद्धांत परदेशी माल येणें मंदावलें. लोखंड, बीड व कोळसा यांची टंचाई झाली आणि भाव चढले. देशी नांगरास त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें, हें खरें. परंतु अशा काळांत ज्यानें पूर्वींच्या भावानें बीड घेऊन ठेवलें असेल त्यास नफा दिसतो, आणि तेंच बीड संपल्यावर पुनः घ्यावयास गेलें म्हणजे तो नफा नव्या खरेदींत विरून जातो. हा नफा कारागिरीचा नव्हे, साठ्याच्या भाववाढीचा. म्हणून युद्धकाळच्या ताळेबंदांत रुपयांची वाढ पाहून किती नांगर अधिक शेतांत गेले हें ठरवितां येत नाहीं. नगांची नोंद पाहिली पाहिजे, आणि ती ताळेबंदांत नसते, माल-वहींत असते. तीच वही सर्वांच्या आधीं रद्दींत जाते!

इ. स. १९२० च्या जानेवारींत किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याचें मर्यादित कंपनींत रूपांतर झालें. येथून इतिहासकारास नवें साधन मिळतें. इ. स. १९१३ च्या कंपनी कायद्यानें दरवर्षीं हिशेब तपासून ताळेबंद भागधारकांपुढें ठेवणें बंधनकारक केलें होतें. घरगुती धंद्यांत धन्याच्या मनांत असलेली गोष्ट आतां कागदावर येऊं लागली : येणें किती, शिल्लक माल किती, यंत्रांची झीज किती धरली. त्याच वर्षीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र काढलें. तें प्रथम कारखान्याचे एजंट व गिऱ्हाइकें यांच्याकरितां होतें, इ. स. १९२९ पासून तें 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि इ. स. १९३० मध्यें 'स्त्री' व इ. स. १९३४ मध्यें 'मनोहर' निघालें. जें मासिक पुढें मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत एक प्रकरण होऊन बसलें, त्याचा जन्म नांगराच्या विक्रीच्या खर्चांतून झाला, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं हिशेबाच्या वह्यांकडे वळावें यासाठीं पुरेशी आहे.

अवजारांची विक्री पावसावर अवलंबून असते, हें विधान सगळेच करतात. पण नगर जिल्हा पाहिला म्हणजे तें सरसकट करतां येत नाहीं असें दिसतें. भंडारदऱ्याचें धरण इ. स. १९२६ मध्यें पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांखालीं राहुरी, श्रीरामपूर या बाजूस ऊस आला. पारनेर, जामखेड, कर्जत, पाथर्डी हे तालुके पावसाच्या तोंडाकडे पाहत राहिले. एकाच जिल्ह्यांत दोन बाजारपेठा झाल्या. कालव्याखालच्या शेतकऱ्यास ऊस लावण्यापूर्वीं जमीन खोल नांगरणें भाग, गूळ करण्यास लोखंडी चरक भाग. आणि पाऊस अपुरा असला तरी त्याच्या हातीं कांहीं पैसा येई. कोरडवाहूकडे एका वर्षीं पाऊस गेला म्हणजे पुढील दोन वर्षें नवें अवजार घेणें दूर, आधींची उधारी वसूल करणें कठीण. कारखान्याच्या विक्रीच्या एकाच ओळींत या दोन्ही तालुक्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेंत कोरडवाहू शेतकरी अदृश्य होतो.

चरकाचा शेवटही येथेंच पाहावयास मिळतो. कालव्याच्या भागांत साखरेचे कारखाने निघाले. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्यांतला जुना. इ. स. १९५० मध्यें लोणी येथें प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता हीं नांवें त्याच्याशीं जोडलेलीं आहेत. ऊस ज्या गाडीनें कारखान्यास जातो त्या गाडीचा धनी चरक घेत नाहीं. म्हणजे शेतीची जी भरभराट नांगराचा खप वाढविते तीच चरकाचा खप थांबविते. अवजारांच्या कारखान्यानें एका मालावर विसंबून राहूं नये, हा धडा किर्लोस्करांनीं याच्याही पूर्वीं घेतला होता. इ. स. १९२६ च्या सुमारास ते पंपांकडे वळले. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांतून त्याच वर्षीं पदवी घेऊन परतले. इ. स. १९३० नंतरच्या जागतिक मंदींत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हां लोखंडी फर्निचरासारखा शहरी माल काढून कारखान्यानें भट्ट्या पेटत्या ठेवल्या. त्या वर्षांचे ताळेबंद वाचतांना विक्री टिकली असें दिसलें तरी शेतकरी टिकला असें समजूं नये. गिऱ्हाईक बदललें होतें.

सातारच्या धनजीशा कूपर यांचा कारखाना इ. स. १९२२ चा. तोही नांगरापासून निघाला व डिझेल इंजिनांपर्यंत गेला. हे कूपर इ. स. १९३७ मध्यें मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते आणि इ. स. १९४० मध्यें तो कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. किर्लोस्करांकडे इ. स. १९४१ मध्यें हरिहर येथें यंत्रांच्या यंत्रांचा कारखाना व इ. स. १९४६ मध्यें पुण्यास तेल-इंजिनांचा कारखाना झाला. मोट जाऊन इंजिन आलें. आणि नांगर ही मूळ वस्तु कारखान्याच्या हिशेबांत हळूहळू लहान होत गेली.

येथपर्यंत शेतीचींच यंत्रें होतीं. बांधकामाचीं यंत्रें त्यांत मिसळलीं तीं दुसऱ्या महायुद्धामुळें. माती ओढणारा पट्ट्याच्या चाकांचा ट्रॅक्टर रस्ता करतो, धरण बांधतो आणि पडीक जमीनही नांगरतो. त्यास हा भेद ठाऊक नसतो. हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या दोन डेन्मार्कच्या गृहस्थांनीं इ. स. १९३८ मध्यें मुंबईस काढलेल्या पेढीनें युद्धाच्या अखेरीस अमेरिकन कॅटरपिलर कंपनीचीं माती-कामाचीं यंत्रें विकण्याची एजन्सी घेतली. स्वातंत्र्यानंतर कांस गवतानें व्यापलेली जमीन मोकळी करण्यासाठीं मध्य हिंदुस्थानांत ट्रॅक्टर लावले गेले, आणि जागतिक बँकेनें इ. स. १९४९ मध्यें हिंदुस्थानास दिलेल्या दुसऱ्या कर्जाचें, एक कोटि डॉलरच्या, कारण हेंच होतें. बेळगांवच्या दुकानांतून हरळीवर सोडलेला नांगर आणि वॉशिंग्टनहून कांसावर सोडलेला ट्रॅक्टर यांत अंतर पंचेचाळीस वर्षांचें. पहिल्याचा धोका एका घरानें उचलला, दुसऱ्याचा सरकारनें.

याच लार्सन आणि टुब्रो कंपनीचा विजेच्या स्विचांचा कारखाना पुढें नागापूरच्या वसाहतींत आला. तो धंदा इ. स. २०२० मध्यें फ्रान्समधील श्नायडर कंपनीकडे गेला. मोठ्या कंपनीचा हिशेब मुंबईस किंवा पॅरिसला मिटतो. तिच्या वार्षिक अहवालांत नागापूर ही एक ओळ असते, पुष्कळदां तीही नसते. बांधकामाचीं व शेतीचीं यंत्रें करणाऱ्या आजच्या कंपन्या तिमाहीस आंकडे प्रसिद्ध करतात. मान्सूनचा अंदाज आला कीं त्यांच्या भागांचे भाव हलतात. साहित्य कमी नाहीं. परंतु त्या आंकड्यांच्या तळाशीं जो लहान पुरवठादार असतो, ज्याचें बिल नव्वद दिवसांनीं मिळतें आणि ज्याला बिडाचे पैसे मात्र आठ दिवसांत द्यावे लागतात, त्याच्या हिशेबाची प्रत कोठेंही दाखल होत नाहीं. दुष्काळाचा तोटा आतां कोण सोसतो, या प्रश्नाचें उत्तर असेल तर तें त्याच्याच खतावणींत आहे.

यासाठीं संशोधकांनीं कोणते कागद पाहावे, हेंही सांगितलें पाहिजे. छापील ताळेबंद सुरक्षित आहेत. त्यांची चिंता नको. माल-वही, एजंटांचा पत्रव्यवहार, बदली भागांच्या मागणीचीं पत्रें आणि उधारीची यादी हीं जमवावीं. कोणत्या गांवीं फाळ अधिक तुटले हें मागणीपत्रांवरून कळतें, आणि त्यावरून जमीन व नांगरणीची खोली यांचा अंदाज बांधतां येतो. नगर, सातारा, सांगली व बेळगांव या चार जिल्ह्यांतील जुन्या अवजार-दुकानदारांच्या घरीं असे कागद अजून असतील. माळ्यावर वाळवी लागली नसली तर.

नागापूरची ती एक खतावणी प्रस्तुत लेखकापाशीं आहे. पहिलीं अकरा पानें पाण्यानें भिजून चिकटलीं आहेत. बाकीचीं वाचतां येतात. तींतील व्यक्तींचीं नांवें झांकून ती कोणाही अभ्यासकास दाखविण्यांत येईल.